लग्नाचे शूटिंग किती तासांचे? आधी प्रसंग मोजा, मग पॅकेज निवडा

लग्नाची तारीख निघाली की आधी मंगल कार्यालय, मग केटरर आणि त्यापाठोपाठ फोटोग्राफर ठरतो. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांचे गाव. इथे असो की शहरात, फोटोग्राफरकडची यादी साधारण सारखीच असते : 'एक दिवस', 'दोन दिवस' आणि 'फुल पॅकेज'. कमी घेतले तर एखादा विधी सुटतो आणि तो पुन्हा करता येत नाही. जास्त घेतले तर कुणी कधीच न बघणाऱ्या फुटेजचे पैसे जातात. मग नेमके किती घ्यायचे?

दिवस मोजायचे की प्रसंग?

प्रसंग. साक्षगंध, हळद, वरात, मंगलाष्टके, सप्तपदी, स्वागत समारंभ, पाठवणी अशी घरची यादी आधी कागदावर लिहा. प्रत्येकासमोर 'हवेच' किंवा 'नसले तरी चालेल' अशी खूण करा. साक्षगंध आणि हळदीला घरातल्या कुणाचा चांगला मोबाइल पुरत असेल, तर व्यावसायिक कॅमेरा लग्नाच्या दिवसापुरताच सांगता येतो. बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय तुलनेने थोडक्यात आटोपतो. तिथे संपूर्ण दिवसाच्या पॅकेजची गरज असेलच असे नाही.

कॅमेरे किती?

एकाच वेळी दोन ठिकाणी महत्त्वाचे काही घडणार असेल, तरच दुसरा फोटोग्राफर घ्यावा. वरात वाटेत आणि वधूची तयारी खोलीत, ही त्यातली नेहमीची वेळ. दोन्ही हवे असेल तर एक माणूस पुरणार नाही. मात्र सगळे कार्यक्रम एकाच मांडवात एकामागून एक असतील, तर फोटोला एक आणि व्हिडिओला एक एवढे पुरते.

मुहूर्ताचा काय संबंध?

उजेडाचा संबंध आहे. राजूर परिसरात मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास. म्हणजे सायंकाळी साडेसहाचा एकच मुहूर्त उन्हाळ्यात उजेडात आणि हिवाळ्यात अंधारात पडतो. हिवाळ्यातले लग्न असेल तर जोडीचे आणि कुटुंबाचे फोटो पाचच्या आत उरकावे लागतात. त्यामुळे फोटोग्राफरला दुपारीच बोलवावे लागते. उन्हाळ्यात भर दुपारी कडक ऊन आणि चेहऱ्यावर गडद सावल्या असतात, तेव्हा उशिरा सुरुवात केली तरी चालते.

खाणीत पाळ्यांमध्ये काम चालते. बरेच नातेवाईक ड्युटी करून येणार असतील, तर ग्रुप फोटोची वेळ पाळी सुटण्याशी जुळवा. आजी-आजोबांचे फोटो मात्र आधीच काढून घ्या. रात्री उशिरापर्यंत ते थांबतीलच असे नाही.

वरात लांबली तर?

तास तिथेच संपतात. दुपारी ३ ते रात्री ९ असे सहा तास ठरले आणि वरात दीड तास लांबली, तर पाठवणीच्या वेळी फोटोग्राफर निघायच्या तयारीत असतो. जादा तासाचा दर बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या. शक्य असेल तर एक तास राखीव धरा.

ड्रोन आणि फोर-के घ्यावे का?

पैसे घेऊन २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवायचा, तर २०२१च्या ड्रोन नियमांनुसार चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. ते आधी बघा. जागेला परवानगी लागते का, हे 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर तपासता येते.

सेकंदाला १०० मेगाबिट या दराने फोर-के शूटिंग केले, तर तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे सहा तास चालले तर ५४० जीबी. हे सगळे मूळ फुटेज हवे असेल तर पेन ड्राइव्ह पुरणार नाही, हार्ड डिस्क द्यावी लागेल. घरच्या टीव्हीवर एकदा बघायचे असेल, तर साधे फुल एचडी पुरेसे आहे.

कागदावर काय लिहून घ्यावे?

• सुरुवातीची आणि शेवटची वेळ, माणसे किती, जादा तासाचा दर.
• अल्बमच्या शीट किती, व्हिडिओ किती मिनिटांचा, सगळे कधी मिळणार.
• ठरलेला फोटोग्राफर येऊ शकला नाही तर पर्याय कोण.
• ॲडव्हान्स किती आणि तारीख बदलल्यास त्याचे काय.
• फोटो जाहिरातीसाठी वापरण्याआधी परवानगी.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचा पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. वेगळा करार केला तर हे बदलू शकते. म्हणून सही करण्याआधी बारीक अक्षरातला मजकूरही वाचा. सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तेव्हा हाच कागद आणि पैशांची पावती कामी येते.

बजेट फारच कमी असेल तर?

वरातीपासून पाठवणीपर्यंत एक अनुभवी फोटोग्राफर घ्या आणि अल्बम नंतर करा. अल्बम वर्षभरानेही छापता येतो. हार घालतानाचा, दोघांचेही चेहरे स्पष्ट दिसणारा एक फोटो मात्र आवर्जून सांगून ठेवा. विवाह नोंदणीच्या वेळी लग्नाचा फोटो मागितला जातो, तेव्हा तोच लागेल.