मोहाचे तेल का थिजते?

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की बरणीतले तूप पाण्यासारखे पातळ होते. जवळच, यावल-रावेरच्या उत्तरेस, सातपुड्यात मोहाच्या बियांपासून तेल काढतात. या बियांना काही भागांत टोळंबी म्हणतात. हे तेल उन्हाळ्यात पातळ असते. थंडीत ते तुपासारखे थिजते.

मोहाचा एक आफ्रिकी भाऊबंद आहे: शिया. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या माळरानांत तो वाढतो. दोघेही चिकूच्याच कुळातले! शियाच्या बियांतील लोणी मात्र बऱ्यापैकी उन्हातही घट्ट राहते. असे का?

बर्फ ० अंशाला वितळतो. तेल-तूप एका ठराविक अंशाला वितळत नाही, कारण ते अनेक पदार्थांचे मिश्रण असते. त्याच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. स्टिअरिक आम्लाची साखळी सरळ असते. ओलेइक आम्लातही कार्बनचे अणू १८च, पण मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि तेथे साखळी वाकते. आगपेटीत सरळ काड्या गच्च बसतात, वाकड्या बसत नाहीत, रेणूंचेही तसेच. म्हणून स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांना वितळते, तर ओलेइक १३-१४ अंशांनाच! शियाच्या लोण्यात स्टिअरिकचा वाटा ढोबळ मानाने ४० टक्के, मोहाच्या तेलात त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्टिअरिक आणि ओलेइक यांच्यातला फरक एका वाकण्याचा.

करून पाहा. परीक्षानळीत कोमट खोबरेल घ्या, त्यात तापमापी ठेवा, नळी बर्फाच्या पाण्यात धरा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपून आलेख काढा. पाणी गोठताना आलेखात सपाट पायरी येते. तेलाची पायरी तितकी सरळ मिळणार नाही. (मोहाचे तेल मिळाल्यास उत्तमच.)

कोकमाच्या बियांचे तेल तर शियाच्या पंक्तीला बसते. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटात ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा स्निग्ध पदार्थांना परवानगी दिली, त्यांत शिया, कोकम आणि आंब्याची कोय आहे. मोह नाही.

मोहाच्या बिया पडतात जून-जुलैत, ऐन पावसाच्या तोंडावर. त्या ओल्या राहिल्या, की त्यांतली विकरे तेल फोडून मेदाम्ले सुटी करतात. तेल खवट होते आणि वेचणाऱ्याला भाव कमी मिळतो. शिवाय हे बी काही आठवड्यांतच उगवण्याची शक्ती गमावते. म्हणजे वेचलेली प्रत्येक टोळंबी तेल तरी होते, नाहीतर वेळेवर पेरली तरच झाड.