ड्रायरची जाळी बघता ना?

पावसाळ्यासाठी ड्रायर घेतलाय? मग आधी त्याची जाळी काढून बघा. दर वेळी तिच्यावर कपड्यांच्या तंतूंचा थर बसतो. तो बोटांनी ओढून काढायचाच. तो चटकन पेट घेतो, शिवाय हवा अडली की कपडे दमट राहतात आणि वीजही जास्त लागते. स्वच्छ दिसणारी जाळीसुद्धा अधूनमधून नळाखाली धरा. पाणी खाली न झिरपता वरच साचलं, तर सॉफ्टनरचा चिकट थर आहे. साबण आणि मऊ ब्रशने घासा, पूर्ण वाळवूनच परत बसवा.

तेलकट फडकी ड्रायरमध्ये अजिबात नकोत! धुऊनही उरलेलं तेल मशीन बंद झाल्यावर गरम ढिगात आपोआप पेटू शकतं. आणि ड्रायर लावून झोपू नका, घराबाहेरही पडू नका.