कोंबडीच्या भ्रूणाचे छेद
प्राणिविज्ञानाच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात ऊतकविज्ञान (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांचे शास्त्र) आणि भ्रूणविज्ञान हे विषय बहुधा जोडीने शिकविले जातात. दोहोंच्या प्रात्यक्षिकांचे मुख्य साधन एकच, ते म्हणजे रंगविलेल्या पातळ छेदांची काचपट्टी. ऊतकविज्ञानात तयार रचना ओळखावयाची असते, तर भ्रूणविज्ञानात ती कशी घडत गेली हे ठरवावयाचे असते. त्यासाठी कोंबडीचा भ्रूण सोयीचा ठरतो. अंडी वर्षभर मिळतात, सु. ३८° से. तापमानात २१ दिवसांनी पिलू बाहेर येते आणि बहुतेक प्रमुख इंद्रियांची मूळ मांडणी पहिल्या तीन दिवसांतच होते. मार्चेल्लो मालपीगी यांनी १६७३ मध्ये या भ्रूणाचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन प्रसिद्ध केले व क्रिस्टिआन पांडर यांनी १८१७ मध्ये याच भ्रूणात तीन जननस्तर दाखविले.

छेद घेण्यासाठी भ्रूण प्रथम स्थिरीकारक द्रवात ठेवतात. नंतर अल्कोहॉलाने त्यातील पाणी काढून तो पॅराफीन मेणात बसवितात व सूक्ष्मछेदक यंत्राने कापतात. छेदाची जाडी १० मायक्रोमीटर असेल, तर १ मिमी. लांबीतून १०० छेद निघतात. हीमॅटॉक्सिलिनाने केंद्रके निळी-जांभळी व इओसिनाने कोशिकाद्रव्य गुलाबी होते. या रंगांवरून कोशिकांचा उगम मात्र कळत नाही.

विद्यार्थ्याची खरी अडचण येथून सुरू होते. सु. २४ तासांच्या भ्रूणाचा आडवा छेद समजण्यास सोपा असतो. मध्यभागी तंत्रिका-घड्या, त्यांखाली पृष्ठरज्जू, दोन्ही बाजूंस मध्यस्तर व तळाशी अंतःस्तर अशी मांडणी दिसते. पुढे डोके खाली वाकते आणि शरीराचा पुढील भाग डाव्या कुशीवर वळतो. त्यामुळे सु. ५० तासांच्या भ्रूणाच्या एकाच छेदात अग्रमस्तिष्क व पश्चमस्तिष्क ही दोन्ही दिसू शकतात. हे वाकणे ध्यानात न घेणारा विद्यार्थी त्यांना दोन निराळी इंद्रिये समजतो. एक सुटा छेद पाठ करून परीक्षा देता येते, भ्रूण समजत नाही. क्रमाने मांडलेले छेद पाहून, त्यांची संपूर्ण भ्रूणाच्या पट्टीशी तुलना करून, मनात त्रिमितीय आकृती उभी करावी लागते. या कामाला प्रात्यक्षिकात नेहमीच अपुरा वेळ मिळतो.

काचपट्टीवरील तासांवरही फार विसंबू नये. अंडे घातले जाण्यापूर्वी कोंबडीच्या शरीरातच भ्रूणाचा काही विकास झालेला असतो, तसेच तापमान व अंडे साठविण्याचा काळ यांनुसार वेग बदलतो. म्हणून कायखंड मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. व्हिक्टर हॅम्बर्गर व हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये बाह्य लक्षणांवरून ४६ अवस्थांची श्रेणी बसविली. तीत १० कायखंडांची अवस्था दहावी आहे.

दिसण्यावरून केलेले वर्गीकरण व उगम यांचा मेळ नेहमी बसत नाही. अभिस्तर ऊतक तिन्ही जननस्तरांपासून बनते. त्वचेचे बाह्यस्तरापासून, आतड्याच्या अस्तराचे अंतःस्तरापासून, तर मूत्रपिंडातील नलिकांचे मध्यस्तरापासून. संयोजी ऊतके मध्यस्तराची असे सर्वसाधारणपणे शिकवितात. परंतु डोक्यातील पुष्कळशी कूर्चा व हाडे तंत्रिका-शिखेपासून, म्हणजे बाह्यस्तरापासून, येतात. पक्ष्यांमध्ये हे स्पष्ट करण्यास एका ऊतकविज्ञानीय खुणेचाच उपयोग झाला. लावा पक्ष्याच्या कोशिकांच्या केंद्रकात रंजकद्रव्याचा ठळक पुंज दिसतो, कोंबडीच्या दिसत नाही. हा भेद निकोल ल द्वारँ यांनी १९६९ मध्ये खूण म्हणून पुढे आणला. लाव्याच्या भ्रूणाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात रोपून त्यातील कोशिका कोठे गेल्या व त्यांचे काय झाले, हे मग छेदांतच पाहता आले.

छेदात भ्रूण मृतच असतो. जिवंत भ्रूण पाहण्यासाठी डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये पीतकावरील पटल काचेच्या कड्यावर ताणून भ्रूण अंड्याबाहेर वाढविण्याची रीत दिली. पुणे विद्यापीठात प्राणिविज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या लीला मुल्हेरकर यांचे कोंबडीच्या भ्रूणातील प्रवर्तनावरील संशोधन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा संवर्धनात सु. ३३ तासांच्या सुमारास हृदयाचे पहिले अनियमित स्पंदन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्याच अवस्थेच्या छेदात ते वाकलेल्या नळीचे केवळ एक वर्तुळ असते.