वनस्पतींच्या बळाचा बंदोबस्त

प्राण्यांच्या देहास अस्थींचा आधार असतो. परंतु ज्याच्या अंगी एकही अस्थी नाही तो माड समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यास तोंड देत वर्षानुवर्षे उभा कसा राहतो, याची चौकशी करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. कोवळ्या रोपाचे बळ पुष्कळसे पाण्याचे असते, आणि म्हणूनच सकाळी टवटवीत असलेली मेथीची जुडी पाणी आटताच दुपारी मान टाकते. कायमच्या बळाची तजवीज मात्र दोन निराळ्या ऊतींकडे सोपविलेली आहे.

तुळशीचा कोवळा शेंडा बोटांत फिरवून पाहावा. त्याचे चार कोपरे बोटास स्पष्ट लागतात. तेथे स्थूलकोन ऊती असते. तिच्या पेशींच्या भित्ती सेल्युलोज व पेक्टिन यांनी ठिकठिकाणी, विशेषतः कोपऱ्यांशी, जाड झालेल्या असतात, आणि पेशी जिवंत असल्यामुळे वाढत्या देठाबरोबर त्या ताणल्याही जातात. दुसरी दृढ ऊती. हिच्या भित्तींत लिग्निन नामक कठीण द्रव्य साचते, पेशी बहुधा मरून जाते, आणि मागे उरलेली जाड भित्तीच पुढे सारा भार वाहते. पेरू खाताना दाताखाली येणारी कचकच व नारळाची करवंटी ही दोन्ही या ऊतीचीच रूपे होत. अंबाडी पाण्यात कुजत घातली असता सालीतील मऊ भाग सडून जातो, पण वाख शाबूत राहतो. तोही तिच्याच तंतूंचा.

बळ किती, यापेक्षा ते कोठे ठेवले आहे, हा प्रश्न मला अधिक रंजक वाटतो. बांबू आडवा कापून त्याचे तोंड निरखले तर पोकळीच्या बाजूस विरळ आणि सालीकडे दाट होत गेलेले काळपट ठिपके दिसतात. हे रसवहनाच्या जुडग्यांचे व त्यांना वेढणाऱ्या दृढ तंतूंचे छेद. दांडा वाकला म्हणजे एका अंगास ताण व दुसऱ्या अंगास दाब बसतो, आणि दोहोंचा जोर सर्वांत अधिक पडतो तो बाहेरच्या कडेवर. मध्यभागास त्याची झळ फारशी लागत नाही. तेव्हा तेथे द्रव्य खर्च न करणे हाच शहाणपणा. पोकळ नळी चेपू नये म्हणून पेरापेरांवर आडवे पडदे आहेत ते वेगळेच. (कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, हा अपवाद ध्यानी ठेवावा.) श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1874 साली ग्रंथ लिहून वनस्पतींची ही रचना स्थापत्यशास्त्राच्या नियमांनी उलगडून दाखविली. आमचा बुरूड सालीकडची चिवट कांबी निराळी काढतो, पण त्याला हे गणित कोणी शिकविले नव्हते.

वृक्षांत तर हा खर्च गरजेबरहुकूम होतो. वाऱ्याने हेलकावणारे खोड जाड होते. हलू न दिलेले उंच वाढते, पण बारीक राहते. यास्तव पावसाळ्यात रोप लावणाऱ्यांस एवढीच विनंती की, काठीचा आधार द्यावा, पण बंध सैल ठेवावा, आणि रोप स्वतःच्या बळावर उभे राहू लागताच ती काठी काढून टाकावी.