अंगणातला बॉयलर, शेजारचा धूर

महाराष्ट्रातील जुन्या घरांमध्ये आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी तांब्याचा बंब असे. मध्ये विस्तव, सभोवती पाणी आणि वर धूर जाण्यासाठी नळी, अशी त्याची रचना. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरून संपूर्ण घर उबदार ठेवणारे यंत्र अमेरिकेच्या ईशान्येकडील आणि उत्तरेकडील ग्रामीण भागांत सर्रास आढळते. त्याला लाकडावरचा बॉयलर म्हणतात. नाव बॉयलर असले तरी त्यात कारखान्यातल्याप्रमाणे पाण्याची वाफ केली जात नाही; पाणी फक्त तापविले जाते. हिवाळ्यात जेथे तापमान उणे २० अंश सेल्सियसपर्यंत उतरते, तेथे हे यंत्र म्हणजे चैन नव्हे. तथापि, गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्याइतके वाद घरगुती वापराच्या फार थोड्या वस्तूंनी निर्माण केले असतील.

यातील सर्वाधिक वादग्रस्त प्रकार घराबाहेर, अंगणात बसविला जातो. बाहेरून तो पत्र्याच्या लहानशा खोलीसारखा दिसतो. आत पोलादी भट्टी असते आणि तिच्याभोवती शेकडो लिटर पाणी. तापलेले पाणी जमिनीखालून नेलेल्या, उष्णतारोधक वेष्टनातील नळ्यांतून घरात जाते, खोल्यांना ऊब देते आणि थंड होऊन भट्टीकडे परतते. त्याच पाण्याच्या उष्णतेवर नळाचे पाणीही तापविता येते. विस्तव घराबाहेर असल्याने राख, कचरा आणि घराला आग लागण्याची भीती या तिन्ही गोष्टी दूर राहतात. दिवसातून एकदा-दोनदा मोठे ओंडके टाकले की काम भागते. २००० नंतरच्या दशकात खनिज तेलाचे भाव चढत गेले, तेव्हा ज्यांच्या मालकीचे थोडेफार जंगल होते त्यांना हा पर्याय साहजिकच आकर्षक वाटला.

दोष मात्र याच सोयीत दडलेला होता. लाकूड प्रत्यक्षात दोन टप्प्यांत जळते. आधी उष्णतेने त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि मग पुरेसा प्राणवायू व पुरेसे तापमान मिळाल्यास ते वायू पेट घेतात. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की हवेची झडप आपोआप बंद होते. आग विझत नाही, पण गुदमरते. भट्टीच्या भिंतींपलीकडे पाणीच असल्याने त्या तुलनेने थंड राहतात. परिणामी लाकूड तासन् तास धुमसत राहते आणि न जळलेले वायू, डांबरासारखा चिकट पदार्थ व काजळी धुराड्यातून बाहेर पडते. धुराडेही बहुधा बुटके असल्याने हा धूर उंच न जाता जमिनीलगत पसरतो. ईशान्य अमेरिकेतील राज्यांच्या हवा-गुणवत्ता यंत्रणांची संयुक्त संस्था असलेल्या ‘नेस्कॉम’ने २००६ मध्ये केलेल्या तुलनेनुसार, अशा एका बॉयलरमधून निघणारे सूक्ष्मकण हे प्रमाणित अशा २२ लाकडी शेगड्यांच्या किंवा तेलावर चालणाऱ्या २०५ भट्ट्यांच्या बरोबरीचे होते.

हे सूक्ष्मकण अडीच मायक्रॉनहून लहान असतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि दमेकरी, हृद्रोगी, बालके व वृद्ध यांना विशेष बाधतात. हिवाळ्याच्या रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि धूरही त्यातच कोंडतो. अलास्कातील फेअरबँक्स शहरात हे संकट इतके तीव्र झाले, की २००९ मध्ये त्याची गणना सूक्ष्मकणांची राष्ट्रीय मर्यादा न पाळणाऱ्या क्षेत्रांत करण्यात आली; लाकडाचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण होते. येथे न्यायाचाही प्रश्न आहे. तेलाच्या बिलातील बचत मालकाच्या खिशात जाते, तर धूर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे शेजाऱ्याच्या घरात शिरतो. म्हणूनच व्हरमाँट राज्याने १९९७ मध्येच असा बॉयलर शेजारच्या घरापासून किमान २०० फूट दूर असावा, असा नियम केला.

यावर तांत्रिक उपाय नाही, असे नाही. युरोपात रुळलेल्या वायूकरण पद्धतीच्या बॉयलरमध्ये लाकडातून निघणारे वायू वर जाऊ न देता पंख्याच्या साहाय्याने खाली ओढले जातात आणि उष्णता टिकवून धरणाऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाच्या कक्षात, जादा हवा देऊन सुमारे १००० अंश सेल्सियसला जाळले जातात. धुरातील इंधनच जळून गेल्याने धुराड्यातून डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. मात्र त्यासाठी दोन पथ्ये कसोशीने पाळावी लागतात.

पहिले पथ्य कोरड्या लाकडाचे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. २० टक्के ओलावा असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ४ युनिट उष्णता मिळते. ओल्या लाकडातून जेमतेम निम्मी. शिवाय पाण्याची वाफ होताना आग थंडावते आणि वायू न जळताच निसटतात. म्हणून लाकूड फोडून, वारा खेळेल अशा रीतीने रचून, वरून झाकून किमान एक वर्ष वाळवावे लागते. ओक वृक्षाच्या लाकडाला त्याहूनही अधिक काळ लागतो. यंदाच्या हिवाळ्याचे सरपण यंदाच तोडणारा मालक कितीही महागडे यंत्र घेवो, धूर टाळू शकत नाही.

दुसरे पथ्य उष्णता साठविण्याचे. घराची गरज तासागणिक बदलते, पण आग पूर्ण जोमाने जळली तरच स्वच्छ जळते. यावर तोडगा म्हणजे उष्णतारोधक वेष्टनातील मोठी पाण्याची टाकी. २००० लिटर पाणी ५० अंशांवरून ९० अंशांवर नेले तर त्यात सुमारे ९३ युनिट उष्णता साठते. म्हणजे सुमारे ३० किलो सुके लाकूड एकाच वेळी भडभडून जाळावे, आग विझू द्यावी आणि नंतर टाकीतील ऊब गरजेनुसार वापरावी. झडप बंद करून आग गुदमरवण्याची वेळच येत नाही. जर्मनीने २०१० च्या सुधारित नियमावलीत हाताने लाकूड भरावयाच्या नव्या बॉयलरसाठी दर किलोवॅट क्षमतेमागे किमान ५५ लिटरच्या टाकीची अट घातली. ३० किलोवॅटच्या बॉयलरला त्यानुसार किमान १६५० लिटरची टाकी लागते.

अमेरिकेत १९८८ च्या केंद्रीय नियमांनी लाकडी शेगड्यांना मर्यादा घातल्या, पण बॉयलर त्यातून सुटले. २००७ मध्ये उत्पादकांसाठी ऐच्छिक योजना आली आणि सक्तीचे नियम थेट २०१५ मध्ये. त्यानुसार दहा लाख बीटीयू उष्णतेमागे ०.३२ पौंड सूक्ष्मकण ही मर्यादा ठरली. मे २०२० पासून ती ०.१० पौंडांवर आणण्यात आली. हे नियम नव्या यंत्रांसाठी आहेत. आधीच बसविलेले जुने बॉयलर केवळ या नियमांमुळे बंद होत नाहीत आणि पोलादी यंत्रे दीर्घकाळ टिकतात, ही यातली मेख आहे.

दुसरी मेख प्रमाणपत्राची. चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेची निवड उत्पादक करतो आणि तिचे शुल्कही तोच भरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी २०२३ च्या अहवालात स्पष्ट म्हटले, की ही यंत्रे ग्राहकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यांची योग्य चाचणी व प्रमाणन होते, याची पुरेशी खात्री सध्याची व्यवस्था देत नाही. ज्याचा माल, त्याच्याच पैशाने परीक्षा, ही स्थिती जोवर आहे, तोवर माहितीपत्रकातील आकड्यांकडे ग्राहकाने सावधपणेच पाहिले पाहिजे.

लाकूड हे पुन्हा उगवणारे इंधन आहे आणि कडाक्याच्या थंडीत स्वतःच्या रानातील सरपणावर घर उबदार ठेवण्याची इच्छा गैर म्हणता येणार नाही. परंतु ते स्वस्त ठरते ते मालकाने वाळवणीला दिलेला वेळ आणि टाकीवर केलेला खर्च हिशेबात धरूनच. हा खर्च त्याने केला नाही, तर तो नाहीसा होत नाही; शेजाऱ्याच्या फुप्फुसांच्या खाती जमा होतो. बॉयलर चांगला की वाईट, हे ठरविण्यासाठी म्हणूनच विक्रेत्याच्या प्रमाणपत्राइतकेच, भर हिवाळ्यात त्या घराच्या धुराड्यातून काय बाहेर पडते, हेही पाहिले पाहिजे.