तीर्थयात्रेचे गणित

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एका तीर्थयात्रेकरूचे उदाहरण आहे. त्याने जवळच्या द्रव्यापैकी निम्मे प्रयागास दिले. उरलेल्याचे दोन नवमांश काशीस वेचले. मग जे राहिले त्याचा चतुर्थांश वाटेतील जकातीत गेला आणि त्यातूनही उरलेल्याचे सहा दशांश गयेस खर्ची पडले. घरी परतला तेव्हा पदरी ६३ निष्क शिल्लक होते. तर निघताना किती होते, असा प्रश्न आहे. उत्तर ५४० येते. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मधील हे गणित आजही शाळकरी मुलास घालावे इतके सोपे व रसाळ आहे.

मात्र या उदाहरणातील यात्रेकरू एकटा आहे. त्याच्यापुढे कोणी नाही, मागून रेटा नाही. लक्षावधी माणसे एकाच तिथीला, एकाच घटकेला, एकाच गल्लीतून एकाच पायरीकडे निघाली म्हणजे काय होईल, हा प्रश्न आचार्यांना घालावा लागला नाही. तो गेल्या पन्नास-साठ वर्षांत स्थापत्यविशारदांनी आणि पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी हाती घेतला. गल्ली, चौक, पूल, पायऱ्या यांची खरी मापे संगणकात भरावयाची, त्यांतून हजारो काल्पनिक माणसे चालवावयाची आणि वाट कोठे तुंबते ते उत्सवाच्या आधीच पाहून ठेवावयाचे, याला ते गणिती प्रारूप म्हणतात. एकादशीच्या पानावर हा विषय काही वाचकांस रूक्ष वाटेल. परंतु ज्या कीर्तनकाराचे आयुष्य पंढरीच्या वाळवंटात आणि महाद्वाराच्या गर्दीत गेले, त्याला तो तसा वाटत नाही.

कारण उघड आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ भाविक चेंगरून गेले. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, वाईजवळच्या मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत जवळजवळ ३०० माणसे मेली. दुतर्फा दुकाने, मधून निमुळती चढण, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि वर दुकानांना लागलेली आग. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. देवीच्या दर्शनास गेलेली ती कुटुंबेच्या कुटुंबे होती. कित्येक घरी सांगावा सांगण्यासही कोणी उरले नाही.

अशा प्रसंगानंतर आपण सारे एकच वाक्य उच्चारतो : ‘अफवा उठली, लोक घाबरले, पळापळ झाली.’ येथे न्यायशास्त्राचा थोडा आधार घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. नैयायिक कार्याचे कारण शोधताना ‘अन्यथासिद्ध’ नावाचा एक वर्ग बाजूला काढतात. घट घडला त्या वेळी कुंभाराच्या दारी माती वाहणारे गाढव उभे होते, हे खरे. म्हणून गाढव हे घटाचे कारण ठरत नाही. ते नसते तरी माती दुसऱ्या कशावरून आली असती आणि घट झालाच असता. आपल्या यात्रांतील अफवा ही बहुधा असे गाढव असते.

२९ सप्टेंबर २०१७ चा मुंबईचा प्रसंग पाहावा. त्या दिवशी खंडेनवमी होती, दुसऱ्या दिवशी दसरा. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर पावसामुळे थबकलेली गर्दी आणि गाड्यांतून उतरणारी नवी गर्दी एकमेकींवर चढली; २३ जीव गेले. कोणाच्या फुलांचा भारा पडला, ‘फूल गिर गया’ असे कोणी ओरडले आणि लोकांनी ते ‘पूल गिर गया’ असे ऐकले, अशी हकीकत वृत्तपत्रांत छापून आली. शब्दच्छल म्हणून ती सर्वांच्या स्मरणात राहिली. पण तो जिना रिकामा असता, तर तीच आरोळी ऐकून माणसे चार पावले मागे सरली असती आणि हसून पुढे गेली असती. फूल हे गाढव. माती म्हणजे जिन्याची रुंदी आणि त्यावरील माणसांची संख्या.

हे आता केवळ तर्काने म्हणावयाचे राहिलेले नाही. न्यूयॉर्कच्या बंदर प्राधिकरणात काम केलेल्या जॉन फ्रुइन या अभियंत्याने १९७१ मध्ये पादचाऱ्यांच्या नियोजनावर ग्रंथ लिहिला आणि एका माणसास चालण्यास, थांबण्यास, वळण्यास किती जागा लागते याची कोष्टके मांडली. पुढे गर्दीतील दुर्घटना अभ्यासताना त्याने दाखविले, की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली म्हणजे ती माणसे राहत नाहीत. तो एक द्रवपदार्थ होतो. पाय उचलावा म्हटले तरी उचलत नाही, आणि लाट आली की मनुष्य न चालता वाहत जातो. लोखंडी कठडे वाकतात. बहुतेकांचा मृत्यू पायाखाली तुडवले गेल्याने होत नसून, उभ्या जागी छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतो. ‘चेंगराचेंगरी’ हा आपला शब्द या दृष्टीने अचूक आहे. ‘पळापळ’ हा शब्द चुकीचा. पळण्यास तेथे जागाच नसते.

आता लीलावतीच्या धर्तीवर एक उदाहरण घालतो. वाचकांनी हाताच्या बोटांवर करून पाहावे. तीन मीटर रुंदीची एक गल्ली देवळाकडे जाते. सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरमधून मिनिटास सुमारे ८० माणसे सुखाने जातात, असा सर्वसाधारण आडाखा आहे. म्हणजे गल्लीतून मिनिटास २४०. गल्लीच्या तोंडाशी १३०० चौरस मीटरचा चौक आहे आणि त्यात मिनिटास ५०० माणसे येत आहेत. मिनिटास २६० माणसे चौकात साठत जातात. दर चौरस मीटरला चार माणसे, म्हणजे दाट पण सोसवेल अशी गर्दी, होण्यास ५२०० माणसे लागतात. ती २० मिनिटांत जमतात. दर चौरस मीटरला सात, म्हणजे घातक गर्दी, होण्यास ९१०० लागतात. ती ३५ मिनिटांत. सोसवण्यापासून मरणापर्यंतचे अंतर अवघ्या १५ मिनिटांचे! तेवढ्यात पोलीस चौकीवरून वरिष्ठांस दूरध्वनी, वरिष्ठांचा होकार आणि पुलावरील अडथळा बंद करणे, एवढे सारे व्हावयाचे असते. शिवाय चौकातील माणसास यातले काहीही दिसत नाही. त्याला पुढच्याची मान तेवढी दिसते. आणि मागच्यास तर वाटते की पुढचे उगीच थांबले आहेत, थोडे रेटावे.

प्रत्यक्षातील यात्रा या उदाहरणाइतकी सरळ नसते. संगणकाची गरज लागते ती तेथे. डर्क हेल्बिंग व पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये असे प्रारूप मांडले, की प्रत्येक मनुष्य आपल्या इष्ट स्थळाकडे ओढला जातो आणि इतर माणसे व भिंती यांपासून दूर सरतो; या ओढीची व दुराव्याची समीकरणे मांडली की संगणकाच्या पडद्यावर माणसांचे ओघ आपोआप तयार होतात, दाराशी कमान धरून अडकतात, समोरासमोरचे ओघ रांगा करतात. त्यातून एक विलक्षण निष्कर्ष निघाला : दाराशी सर्वांनी घाई केली तर बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो. हे आमच्या आजीला ठाऊक होते असे कोणी म्हणेल. ठाऊक असणे वेगळे आणि किती घाईस किती विलंब हे सांगता येणे वेगळे.

या विद्येची खरी कसोटी मक्केजवळच्या मीना येथे लागली. हज यात्रेत तेथील खांबांना खडे मारण्याचा विधी आहे आणि त्या खांबांभोवतीच्या पुलावर वारंवार अपघात होत. १२ जानेवारी २००६ रोजी पुलाच्या तोंडाशी साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू मेले. त्या दिवशीची वरून घेतलेली चित्रफीत उपलब्ध होती. हेल्बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संगणकाकडून तपासून घेतली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथम ओघ संथ व अखंड होता. अपघाताच्या सुमारे अर्धा तास आधी तो थांबत-चालत जाऊ लागला, गर्दीतून मागच्या मागे लाटा जाऊ लागल्या. शेवटी लाटा मोडून सर्व दिशांनी हेलकावे सुरू झाले आणि माणसे पडली.

हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. नारदाच्या गादीवर उभ्या राहणाऱ्यास श्रोतृसमुदाय किंचित उंचावरून दिसतो, आणि ज्वारीच्या शेतावरून वारा जावा तशी हालचाल गर्दीतून जाताना आम्ही पाहिलेली असते. आमच्यात जुने लोक अशा वेळी चाल बदलून अभंग संथ करीत. लाट दिसते, हे खरे. पण ती लाट म्हणजे अर्ध्या तासाची मुदत आहे, हे त्या चित्रफितीच्या अभ्यासाने सांगितले.

सौदी शासनाने तो पूल पाडला, नवा बहुमजली पूल बांधला, वाटा एकेरी केल्या, प्रत्येक गटास खडे मारण्याची वेळ नेमून दिली. पुलावरचे मरण थांबले. आणि २४ सप्टेंबर २०१५ रोजी, त्याच मीनेत, पुलाकडे येणाऱ्या २०४ क्रमांकाच्या रस्त्यावर दोन ओघ एकमेकांस भिडून महाभयंकर अनर्थ झाला. शासनाने मृतांचा आकडा ७६९ सांगितला. देशोदेशींच्या शासनांनी आपापल्या मृतांचे जे आकडे दिले त्यांची बेरीज २००० च्या वर गेली. पुलाविषयी प्रश्न विचारला होता, पुलाविषयी उत्तर मिळाले. संगणक आज्ञाधारक शिष्य आहे. गुरूने जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो. क्षेत्राची सीमा कोठे आखायची, देवळाच्या दारापर्यंत की रेल्वे स्थानकापर्यंत, हा निर्णय माणसाचा.

तशीच दुसरी उणीव. प्रारूपातील मनुष्य सतत चालतो. यात्रेकरू तसा नसतो. तो पायरीला हात लावण्यास मध्येच वाकतो, म्हाताऱ्या आईसाठी थांबतो, पोराचा हात सोडत नाही, आणि मुहूर्तासाठी जागा धरून बसतो. प्रयागराजच्या महाकुंभात २९ जानेवारी २०२५ रोजी, मौनी अमावास्येच्या रात्री, संगमतटावर अमृतस्नानाची घटका गाठण्यासाठी अनेक लोक तेथेच आडवे झाले होते. अडथळे मोडून आलेला लोंढा त्यांच्यावरून गेला. ३० जण मृत्यू पावल्याचे शासनाने सांगितले. त्या मेळ्यात गर्दी मोजणारे कॅमेरे व संगणक होते. मोजणाऱ्याच्या हाती थांबविण्याचा अधिकार नसेल, तर मोजलेला आकडा कितीही अचूक असला तरी कोणास वाचवीत नाही.

या ठिकाणी आपल्या वारीकडे पाहावेसे वाटते, आणि ते अभिमानापोटी म्हणत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी सोहळ्यास जी शिस्त लावली, तिच्यात दिंड्यांना क्रमांक आहेत. रथापुढील कोणती, रथामागील कोणती हे ठरलेले आहे. एकीची जागा दुसरी घेत नाही. मुक्कामी समाजआरतीस चोपदार चोप उंचावून आरोळी देतात आणि लक्षावधींचा समुदाय क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवारण करतात, मग ते टाळही थांबतात. फ्रुइनने गर्दीच्या सुरक्षिततेस आवश्यक म्हणून जी चार अंगे सांगितली, त्यांत रेटा, जागा व वेळ यांच्या जोडीला वार्ता हे एक आहे. वार्ता मागून पुढे आणि पुढून मागे पोहोचली पाहिजे. वाजत राहणारा टाळ हेच काम करतो, आणि ती वार्ता ऐकणाऱ्याच्या हाती चोप असतो.

पंढरपुरातही एक गणित परंपरेनेच सोडविलेले आहे. चरणदर्शन मिनिटास ३० जणांना होते असे धरले, तरी चोवीस तासांत ४३,२०० च होतात. आषाढीस लक्षावधी येतात. त्यांतील बहुसंख्य लोक कळसाला हात जोडून, नामदेव पायरीपाशी डोके टेकून, प्रदक्षिणा करून परत फिरतात आणि वारी पोहोचली असे मानतात. कळसदर्शनाची ही मान्यता नसती, तर महाद्वारापुढे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. अलीकडे मात्र हाताशी पोहोचल्याशिवाय दर्शन झालेच नाही असे मानणाऱ्यांची संख्या वाढते आहे. शिफारशीच्या चिठ्ठ्या घेऊन आलेल्यांची तर अधिकच. प्रारूप करणाऱ्यांनी हा बदलही आपल्या अंकांत धरावा.

नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात तेथल्याच एका शाळकरी मुलाने पायाखाली पसरावयाची एक चटई सिद्ध केली होती. तिच्यावरून जाणाऱ्यांची पावले मोजली जात आणि त्या वाटेने किती लोक गेले ते कळे. महागडी उपकरणे विकणाऱ्यांच्या गलबल्यात ही साधी वस्तू मला मोलाची वाटली, कारण तिने योग्य ठिकाणी, म्हणजे अरुंद वाटेवर, मोजले.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे रस्ते, घाट, पूल यांच्यावर पुष्कळ द्रव्य वेचले जाईल. संगणकाची प्रारूपेही मागविली जातील. त्यांची चित्रे सभागृहात पडद्यावर दाखवून भागणार नाही. गोदेकडे उतरणाऱ्या प्रत्येक वाटेची सर्वांत अरुंद जागा किती मीटरची आहे, तेथून मिनिटास किती माणसे जाऊ शकतात, आणि चौकातील गर्दी कोणत्या अंकास पोहोचली म्हणजे कोणता अधिकारी वरिष्ठांस न विचारता मागचा ओघ थांबवील, अशी तीन कोष्टके पर्वणीपूर्वी नाशिकच्या वृत्तपत्रांत, स्नानाच्या मुहूर्तांच्या शेजारीच छापून यावीत.