व्हिसाच्या अटींत दडलेले कामगार धोरण

लोकसभेने २७ मार्च २०२५ रोजी आप्रवास व परकीय नागरिकविषयक विधेयक संमत केले, तेव्हा हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, हे गृहमंत्री अमित शहा यांचे विधान सर्वत्र गाजले. विधेयक संसदीय समितीकडे धाडावे, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून कायदा अंमलात आला आणि १९२०, १९३९ व १९४६ चे तीन ब्रिटिशकालीन कायदे, तसेच २००० चा एक, असे चार कायदे इतिहासजमा झाले. चर्चेचा सारा रोख घुसखोरी व सुरक्षा यांवर होता. रीतसर व्हिसा घेऊन येथे नोकरीस येणारा परकीय कोणत्या कामासाठी यावा, किती संख्येने यावा, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

याचे नवल वाटू नये. परकीयांच्या रोजगाराचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे कधी नव्हताच. धोरण आहे, पण ते गृह मंत्रालयाच्या व्हिसाविषयक सूचनांत विखुरलेले आहे.

२००९ चे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. वीज व पोलाद प्रकल्पांची कंत्राटे चिनी कंपन्यांना मिळाली आणि अभियंत्यांबरोबर साधे कामगारही 'बिझनेस व्हिसा'वर येऊन दाखल झाले. स्थानिकांत असंतोष वाढला. सरकारने मग फर्मान काढले की, प्रकल्पावर राबणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेर मायदेशी परतावे आणि यायचेच असल्यास रोजगार व्हिसा घेऊन यावे. पाठोपाठ प्रकल्पावरील एकूण मनुष्यबळाच्या एक टक्का, अशी मर्यादाही आली. प्रकल्प रखडतील, अशी ओरड झाली तेव्हा पुन्हा स्पष्टीकरणे निघाली. इतका मोठा निर्णय, परंतु त्यासाठी एकही विधेयक सभागृहात आले नाही. सारा कारभार पत्रांवर झाला!

पुढे वेतन हीच मुख्य गाळणी ठरली. वर्षाला २५ हजार डॉलर, नंतर १६ लाख २५ हजार रुपये, याहून कमी वेतनावर परकीयास रोजगार व्हिसा नाही. परदेशी पाककृतींचे आचारी, भाषाशिक्षक, दुभाषे, दूतावासांचे कर्मचारी यांना त्यातून सूट मिळाली. एवढा पगार मोजून कोणी साधा फिटर आणणार नाही, हा हिशेब चुकीचा नव्हे. ज्या कामासाठी पात्र भारतीय मुबलक आहेत, त्यासाठी व्हिसा देऊ नये, असाही दंडक आहे. पण ते तपासायचे कोणी? अमेरिकेत त्यांच्या कामगार खात्याकडे मालकाला आधी अर्ज करावा लागतो. आपल्याकडे बीजिंग वा सोल येथील वकिलातीतल्या अधिकाऱ्याने कोरब्यात वेल्डर मिळतो की नाही, हे ठरवावे, अशी व्यवस्था आहे. श्रम मंत्रालय बाजूला बसून पाहते.

गंमत अशी की, या साऱ्या चौकटीबाहेरच परकीय कामगारांचा फार मोठा वर्ग आहे. १९५० च्या करारामुळे नेपाळी नागरिकास येथे राहण्यास वा काम करण्यास व्हिसा लागत नाही. दिल्लीतील सरकारी वसाहतींच्या फाटकावरचा पहारेकरी असो की रत्नागिरीच्या आंबाबागेतील राखणदार, त्याच्या वेतनाची किमान मर्यादा कोणी विचारीत नाही.

गलवाननंतर, २०२० पासून, चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा आवळले गेले. यंत्रे आली, ती बसविणारे हात येईनात, अशी उद्योगांची तक्रार झाली. २०२४ मध्ये उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेतील कारखान्यांसाठी वाट थोडी मोकळी केली गेली. नळ आवळणे आणि सैल करणे, दोन्ही प्रशासकीय आदेशाने.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले, तेव्हा आपण कुटुंबांच्या हालांकडे बोट दाखविले, आणि ते योग्यच होते. पण तेथे ६५ हजार अधिक २० हजार, ही वार्षिक मर्यादा निदान त्यांच्या काँग्रेसने कायद्यात लिहिलेली आहे. शुल्काविरुद्ध लोक न्यायालयात गेले ते कायद्याचाच आधार घेऊन. आपल्याकडे कायद्याखालील नियम सभागृहाच्या पटलावर येतात, परिपत्रके येत नाहीत. चाकणच्या कारखान्यातील मनुष्यबळ अधिकारी कोरियन अभियंत्याची मुदत वाढवायची झाली, तर म्हणूनच २०२५ चा कायदा उघडत नाही. तो गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नवी सूचना लागली आहे का, ते पाहतो.